दापोडीच्या बागेतला चित्रकार

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल खडकी सोडते, मुळेचा पूल ओलांडते आणि दापोडीला थांबते. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत या गावाचं नाव ‘दापुरी’ असं येतं. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा मुक्काम इथे होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली तेव्हा ही पलटण इथूनच निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. तिचा अधिकारी होता फोर्ड. त्याचा प्रशस्त बंगला आणि भोवतालची बाग १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने सरकारसाठी विकत घेतली आणि तिथे वनस्पतिउद्यान सुरू केलं. पुढे १८६० च्या दशकात गव्हर्नरांचं निवासस्थान गणेशखिंडीला हललं आणि दापोडीची बाग संपली. पण मधल्या काळात, १८४७ ते १८५० या तीन-चार वर्षांत, एक चित्रकार या बागेत बसून झाडं रंगवत होता. त्याची दीडशेहून अधिक चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचं नाव कुठेही नाही.

चित्रं काढून घेणारा मात्र आपल्याला नीट माहीत आहे. अलेक्झांडर गिब्सन, जन्म १८००, मृत्यू १८६७. एडिंबरोला शिकलेला डॉक्टर, मुंबई इलाख्यात आला तो वैद्यकीय सेवेत. दख्खनच्या गावांतून देवी टोचत फिरला. १८३८ पासून दापोडीची बाग त्याच्याकडे आली. ही बाग शोभेपुरती नव्हती. खुरासानी ओव्याचा अर्क इथे लष्करी दवाखान्यांसाठी तयार होई, परदेशी बियाणं रुजवून पाहिलं जाई, रोपं वाटली जात. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातली डोंगरउतारावरची झाडं तोडली की झरे आटतात, खाड्या गाळाने भरतात, हे त्याने सरकारला त्या काळात बजावलं होतं. १८६१ मध्ये त्याने निकोल डॅल्झेलबरोबर ‘बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. एवढं सगळं या माणसाबद्दल लिहिलेलं सापडतं.

चित्रकाराबद्दल सापडतो एकच शब्द, ‘पोर्तुगीज’. कंपनीच्या काळात हा शब्द लिस्बनहून आलेल्या माणसासाठी वापरत तसाच गोव्याच्या किंवा उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती माणसासाठीही सर्रास वापरत. तेव्हा हा चित्रकार बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचा. एडिंबरोच्या बागेतले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी ही चित्रं अभ्यासून २००२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. दापोडीची बाग पुन्हा उजेडात आली ती त्यामुळे. पण कितीही शोधलं तरी त्या चित्रकाराचं नाव त्यांच्याही हाती लागलं नाही.

हे नाव नसणं मला का टोचतं, ते सांगायचं तर या माणसाने नेमकं काय काम केलं ते आधी सांगावं लागेल. फुलांची सुंदर चित्रं आपण कॅलेंडरवर पाहतो, साडीच्या पदरावर पाहतो. वनस्पतिचित्रकाराचं काम त्याहून वेगळ्या जातीचं आहे.

उदाहरणासाठी कळलावी घेऊ. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणाकुंपणावर चढणारी, कोकणात गौरीच्या सणाला मानाने घरात येणारी ही वेल. फूल दिसायला ज्वाळेसारखं, म्हणून अग्निशिखा. ते नुसतं ‘दिसतं तसं’ काढायला बसलात की पहिल्याच तासात अडचणी सुरू होतात. कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळतात आणि वर उभ्या राहतात, म्हणजे फूल स्वतःच्या डोक्यावरून उलटल्यासारखं होतं. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरतात. आणि त्यांच्या मधोमध जी काडी सरळ खाली लोंबायला हवी असं आपल्याला वाटतं, ती कुक्षीवृंताची काडी अंडाशयापासून निघताच काटकोनात वळून आडवी जाते. हा काटकोन चुकला तर चित्र कितीही देखणं असो, ते कळलावीचं राहत नाही. पानाचं टोक निमुळतं होत होत त्याचाच ताणा बनतो आणि शेजारच्या काटकीला विळखा घालतो. तेही दाखवायला हवं, कारण ही वेल चढते ती त्या टोकांच्या जोरावर.

मग रंग. पहिल्या दिवशीचं फूल पोपटी-पिवळं, पुढे नारिंगी, मावळताना गडद लाल. कुठल्या दिवसाचं फूल खरं म्हणायचं? चित्रकार सगळ्या वयांची फुलं एकाच फांदीवर मांडतो: वर कळ्या, मध्ये उमललेली, खाली लालबुंद, आणि जमलं तर एखादं फळ. वेलीवर खरंच असं एकत्र दिसतं, पण नेमकी हवी तशी फांदी क्वचित मिळते. चार फांद्या पाहून पाचवी कागदावर रचावी लागते. जमिनीखालचा कंद दोन फाट्यांचा, नांगरासारखा. संस्कृतातलं लांगली हे नाव त्यावरूनच आलेलं आहे. तो कंद चित्रात कोपऱ्यात येतो. शिवाय अंडाशयाचा आडवा छेद, त्यातले तीन कप्पे, भिंगाखाली मोठा करून काढलेला परागकोश, आणि प्रत्येकाशेजारी तो किती पट मोठा केला आहे याची नोंद. (या वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कापाकापी झाली की हात धुवायला विसरू नये.)

मापाच्या बाबतीत हा पंथ अतिशय कडक. शक्यतो सगळं खऱ्या आकाराचं. कंपासपेटीतला दोन टोकांचा डिव्हायडर हातात असतो. पाकळीची लांबी त्यात धरायची आणि तशीच कागदावर ठेवायची. डोळ्याच्या अंदाजावर विश्वास नाही. उजेड डावीकडून वरून येतो असं धरून छाया टाकायची, म्हणजे जगातल्या कुठल्याही चित्रकाराचं पान शेजारी ठेवलं तरी उंचवटे-खळगे सारखेच वाचता येतात. कागद गुळगुळीत हवा. खरखरीत कागदावर देठावरची लव उमटत नाही. आधी पेन्सिलीची रेघ, मग जलरंगाचे पातळ हात एकावर एक, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या, बारीक टोकाच्या कुंचल्याने शिरा. सगळ्यांत त्रास देतो तो हिरवा. नवख्याला वाटतं, लाल फूल अवघड असेल. पण एका झाडावरच कोवळ्या पानाचा हिरवा, जून पानाचा हिरवा, पानाच्या पाठीचा हिरवा आणि देठाचा हिरवा हे चार वेगळे रंग असतात, आणि डबीतला तयार हिरवा त्यांतल्या एकाशीही जुळत नाही.

आणि वेळ कमी. तोडलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तरी दुपारपर्यंत फूल मान टाकतं. म्हणून आधी फूल, मग कळी, मग पान. टिकाऊ गोष्टी शेवटी. दापोडीच्या चित्रकाराला झाड बागेतच होतं, एवढी सोय होती. पण पुण्याचा एप्रिल महिना तेव्हाही पुण्याचाच होता. कुंचल्यावरचा रंग कागदापर्यंत पोचेतो वाळत असणार.

फोटो असताना हे सगळं कशाला, असं कुणी विचारलं तर मला प्रश्न रास्त वाटतो. फोटो एका क्षणी, एका झाडाचं, एका बाजूने दर्शन देतो. त्या झाडाचं किडीने खाल्लेलं पान आणि मागची धूसर गवतं त्यात येणारच. चित्रकार दहा झाडं पाहतो आणि त्या जातीला जे सगळीकडे लागू आहे तेवढं ठेवतो. कीड गाळतो, काटकोन ठेवतो. हे ठरवणं हीच त्याची विद्या. म्हणून सह्याद्रीत आजही एखादी नवी वनस्पती सापडली की शोधनिबंधात रंगीत फोटोंबरोबर काळ्या शाईचं रेखाचित्र पुष्कळदा असतंच: बारीक ठिपक्यांनी छाया दाखवलेलं, पुंकेसर वेगळा, बी वेगळं, बाजूला मिलिमीटरची पट्टी. आपल्या कंदीलपुष्पांच्या जातींत फुलाच्या नळीतले बारकावे महत्त्वाचे असतात. ते छायाचित्रात सावलीत बुडतात आणि रेषेत स्पष्ट उभे राहतात.

चित्राचं वजन याहूनही मोठं असू शकतं. वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं की ते नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या वाद झाला तर तो नमुना काढून पाहायचा. बहुतेक वेळा हा नमुना म्हणजे वाळवून कागदावर डकवलेली फांदी. पण जुन्या काही नावांच्या बाबतीत अशी फांदीच नाही, आहे ते फक्त चित्र. मोठं करमळ हे आपल्याकडचं देखण्या पांढऱ्या फुलांचं झाड, शास्त्रीय नाव डिलेनिया इंडिका. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये हे नाव दिलं. तो भारतात कधी आला नव्हता. त्याच्यासमोर होतं ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथातलं चित्र, आणि आज त्या नावाचा प्रमाण नमुना म्हणून तेच चित्र मानलं जातं. म्हणजे कोचीनजवळ कुणीतरी पानाच्या कडेचे दाते किती बारकाईने काढले होते, त्यावर जगभराचं एक नाव उभं आहे.

हा ग्रंथ डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला तो बारा खंडांत छापला गेला, आणि त्यात केरळातल्या ७४२ वनस्पती आहेत. माहिती दिली ती मुख्यतः इट्टी अच्युतन या वैद्याने, आणि त्याच्याबरोबर तीन कोकणी पंडितांनी: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. गोव्याकडून दक्षिणेला गेलेल्या समाजातली ही माणसं. या तिघांनी १६७५ मध्ये कोकणीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेलं आहे. छापील पुस्तकात उमटलेल्या सुरुवातीच्या नागरी अक्षरांपैकी ती अक्षरं. मराठी वाचकाने ती एकदा तरी पाहावीत. ओळखीच्या वळणाची अक्षरं सतराव्या शतकातल्या लॅटिन ग्रंथात अचानक भेटतात आणि माणूस हरखतो.

या ग्रंथात मला फार मोलाची वाटते ती कामाची साखळी. कुणी रानात जाऊन फांदी आणली, कुणी तिचं नाव आणि गुण सांगितले, कुणी चित्र काढलं, कुणी लॅटिनमध्ये लिहिलं, आणि समुद्रापार कुणी तांब्याच्या पत्र्यावर ते कोरलं. वनस्पतिचित्र एकट्याचं कधीच नसतं. चित्रकार आणि शास्त्रज्ञ यांच्यात सतत विचारणा चालू असते: हा केस आहे की काटा? देठ पानाला कडेला चिकटतो की मधोमध? चित्रकार विचारतो तेव्हा शास्त्रज्ञाला पुन्हा भिंग लावून पाहावं लागतं, आणि कधीकधी त्याच्याही लक्षात न आलेली गोष्ट अशा वेळी उघड होते.

आपल्या देशात ही नजर इंग्रजांनी आणून रुजवली, असं समजायचं कारण नाही. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की उस्ताद मन्सूरने काश्मिरातल्या शंभराहून जास्त फुलांची चित्रं काढली. लघुचित्रांच्या कारखान्यांत शिकलेले हात पुढे कंपनीच्या बागांत आले. कलकत्त्याच्या बागेत विल्यम रॉक्सबर्गने अशा चित्रकारांकडून अडीच हजारांवर चित्रं करवून घेतली. त्याच्यानंतर नथॅनिएल वॉलिकच्या हाताखाली विष्णुप्रसाद आणि गोराचंद होते. त्यांची नावं टिकली, कारण त्यांच्या चित्रांवरून १८३० नंतर लंडनला छापलेल्या ग्रंथात ती चित्रांखाली आली. युरोपातल्या समीक्षकांना ही चित्रं कधी फार सपाट वाटली, कधी फार गडद. मला त्यातला सपाटपणा दोष वाटत नाही. झाड कागदावर वाळवून पसरावं तसं ते पूर्ण दिसतं, एकही पान दुसऱ्याआड लपत नाही. पाहणाऱ्याला सगळं कळावं, ही त्या हाताची सवयच होती.

नाव टिकण्याच्या बाबतीत मद्रासकडची गोष्ट सगळ्यांत चांगली आहे. रॉबर्ट वाइट हा स्कॉटिश डॉक्टर १८१९ ते १८५३ भारतात होता. त्याच्यासाठी आधी रंगिया आणि १८४५ पासून गोविंदू या दोन तेलुगू चित्रकारांनी काम केलं. वाइट स्वतः शिळाछपाई शिकला आणि त्याने दक्षिण भारतातल्या वनस्पतींचा सहा खंडांचा चित्रसंग्रह काढला. त्यात २,१०१ पटं (म्हणजे छापील चित्रांची पानं) आहेत. कितीतरी पटांच्या तळाशी रंगिया आणि गोविंदू ही नावं छापलेली आहेत. वाइटने तिथेच न थांबता १८५३ मध्ये ऑर्किडच्या एका नव्या प्रजातीला चित्रकाराचं नाव दिलं: गोविंदूइया. शास्त्रज्ञांची, गव्हर्नरांची, त्यांच्या बायकांची नावं झाडांना देण्याचा तो काळ. त्यात महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या एका हिंदी चित्रकाराला हा मान मिळाला. यासाठी वाइटबद्दल मला मनापासून आदर आहे.

तिकडे इंग्लंडातही वनस्पतिचित्रकार घासूनच काम करत. विल्यम कर्टिसने १७८७ मध्ये लंडनला सुरू केलेलं वनस्पतिचित्रांचं नियतकालिक आजही निघतं. वॉल्टर हूड फिच हा ग्लासगोचा, कापडावरच्या छपाईचे नमुने काढणारा उमेदवार पोरगा. त्याने १८३४ पासून चाळीसहून जास्त वर्षं या नियतकालिकासाठी काम केलं. त्याची छापली गेलेली एकूण चित्रं दहा हजारांच्या आसपास जातात. त्याच्यानंतर आलेल्या माटिल्डा स्मिथने दोन हजारांवर पटं काढली. वाळून चुरगळलेल्या फांदीवरून जिवंत झाड उभं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि या पटांवरचे रंग? प्रत्येक प्रतीवर ते हाताने भरले जात, थेट १९४८ पर्यंत. मूळ नमुना समोर ठेवून, पान एकामागून एक पुढे सरकवत, ओळीने बसून ते भरणाऱ्यांची नावं कोणत्याच पानावर आलेली नाहीत.

आज परिस्थिती बदलली आहे. लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानात २००८ मध्ये शर्ली शेरवूड यांच्या नावाचं दालन उघडलं. ते केवळ वनस्पतिचित्रांसाठी. अमेरिकेत १९९४ पासून वनस्पतिचित्रकारांची संस्था आहे, इंग्लंडमध्ये त्याआधीपासून. मे २०१८ मध्ये पंचवीस देशांतल्या चित्रकारांनी आपापल्या देशातल्या झाडांची प्रदर्शनं एकाच वेळी भरवली. आपल्याकडे कालिम्पाँगच्या हेमलता प्रधान यांनी हिमालयातल्या ऑर्किडांवर आयुष्य लावलं. बंगळूरच्या निरुपा राव यांनी पश्चिम घाटातल्या महावृक्षांची चित्रं काढली, आणि ‘पिलर्स ऑफ लाइफ’ या २०१८ च्या पुस्तकात ती निसर्गशास्त्रज्ञांच्या मजकुराशेजारी आली. चाळीस मीटर उंचीचं झाड एका पानावर कसं आणायचं, हा प्रश्न फुलापेक्षा फार वेगळा. रानात उभं राहून झाड खालून वर पाहत तुकड्यातुकड्याने टिपायचं आणि घरी येऊन ते जोडायचं, असं ते काम. यातलं प्रत्येक चित्र आता सहीनिशी येतं.

या मंडळींची एक सवय मला फार आवडते. चित्र दाखवलं की ‘छान’ म्हणून कुणी थांबत नाही. आधी पुंकेसर मोजतात. मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते पाहतात. देठ फांदीला जिथे जुळतो तिथे बोट ठेवतात, कारण आळस केलेला असेल तर तो तिथेच पकडला जातो. ही टीका कुणाला लागत नाही. चूक सापडली की चित्रकार स्वतःच पुन्हा झाडाकडे जातो. एडिंबरोतल्या चित्रांकडे पाहायचं तर याच नजरेने पाहायला हवं. दापोडीचा चित्रकारही गिब्सनसमोर असाच उभा राहिला असेल, आणि कधीतरी त्यानेही ‘साहेब, यात पाकळ्या पाच नाहीत, सहा आहेत’ असं सांगितलं असेल.

गोविंदूच्या नावाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. नंतरच्या अभ्यासकांना दिसलं की ते ऑर्किड आधीच नाव मिळालेल्या ट्रोपिडिया या प्रजातीतलंच आहे. नियमाप्रमाणे जुनं नाव टिकलं आणि गोविंदूइया मागे पडलं. पण वनस्पतिशास्त्रात रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव कधी पुसत नाहीत. ते समानार्थी नावांच्या यादीत, बारीक अक्षरांत, कायम राहतं. त्यामुळे कुणीही कधीही त्या ऑर्किडची पूर्ण नोंद लिहायला बसलं की त्याला गोविंदूचं नाव लिहावंच लागतं.

दापोडीच्या चित्रकाराच्या वाट्याला तेवढी ओळही आलेली नाही. मुंबई सरकारची त्या काळातली दफ्तरं आज मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. बागांचे अहवाल, मंजुऱ्या, जमाखर्च. जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचायची सवय असलेल्या कुणी १८४७ ते १८५० या वर्षांतल्या दापोडीच्या खर्चाच्या नोंदी ओळ न ओळ वाचाव्यात. माळी, भिस्ती, बैलांचा चारा यांच्या खाली कुठेतरी ‘चित्रकार’ असा शब्द असेल, आणि त्याच्यापुढे रकमेच्या आधी एखादं नाव.